राजापूरची गंगा आणि गाडीतला गारवा

एखादा नातेवाईक वर्षानुवर्षे फिरकत नाही आणि एके दिवशी अवचित दारात उभा राहतो, तेव्हा आपल्याकडे म्हणतात, 'ही तर राजापूरची गंगा!' राजापूर शहराबाहेर उन्हाळे गावच्या डोंगरउतारावर काळ्या दगडात बांधलेली चौदा कुंडे आहेत. बहुधा तीनेक वर्षांनी ती एकाएकी भरून वाहू लागतात, काही आठवडे वाहतात आणि पुन्हा कोरडी पडतात. कुणी हा दैवी चमत्कार मानतो, कुणी जमिनीखालच्या पोकळ्यांची नैसर्गिक वक्रनलिका असावी असे सांगतो. माझे आयुष्य रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मासळीसाठी बर्फ तयार करणाऱ्या कारखान्यात, नळ्या आणि दाबमापक काटे सांभाळण्यात गेले. त्यामुळे जी गोष्ट येते आणि जाते, तिच्या येण्या-जाण्याला काहीतरी कारण असलेच पाहिजे, अशी माझी पक्की समजूत होऊन बसली आहे.

माझा मावसभाऊ राजापुरात राहतो. वयाने मोठा, म्हणून आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याच्याकडे १९९३ सालची एक कॉन्टेसा क्लासिक आहे. दादाच्या घरी 'गंगा' हा शब्द गेली दोन वर्षे या गाडीच्या एअरकंडिशनरसाठी वापरला जात होता. "आज गंगा आली का?" असे वहिनी विचारायच्या, आणि दादा कपाळाचा घाम पुसत, "आली होती, ओणीपर्यंत," असे उत्तर द्यायचा.

थट्टेचा भाग सोडला तर प्रकरण थट्टेचे नव्हते. मावशीचे वय चौऱ्याऐंशी. तिला दम्याचा जुना त्रास. दर महिन्याला तिला कोल्हापूरला छातीच्या डॉक्टरांकडे न्यावे लागते. रस्ता ओणीवरून रायपाटण, पाचल, अणुस्कुरा घाट आणि मलकापूर असा, शंभराहून अधिक किलोमीटरचा. उन्हाळ्यात या रस्त्याने काच खाली करून जायचे म्हणजे जांभ्याची तांबडी धूळ, पुढच्या ट्रकचा धूर आणि घाटातली वळणे. काच वर केली तर आत भट्टी. "मला कसली रे चैन हवीय गारव्याची?" मावशी मला म्हणाली, "काच उघडली की खोकला, लावली की घुसमट. मी गेले वेळी डॉक्टरकडे पोचले ती आजारी होऊनच." दुसऱ्या गाडीतून जा म्हणावे तर गुडघे वाकत नाहीत. कॉन्टेसाच्या मागच्या रुंद सीटवर ती पाय लांब करून बसते. एवढी जागा तिला दुसऱ्या गाडीत मिळालेली नाही.

आणि दादा तर गाडी भंगारात द्यायच्या विचारात होता. एका गॅरेजने त्याला सांगितले होते की सगळा एसीच बदलावा लागेल, नाहीतर दर दोन-तीन महिन्यांनी गॅस भरत राहा. गेल्या वर्षात गॅस भरून झाला होता तीनदा. संपूर्ण एसीची किंमत गाडीच्या भंगाराच्या किमतीहून फार कमी नव्हती. अशा हिशेबात जुनी वाहने मरतात. तेव्हा दादाने मला फोन केला, "तू बर्फवाला ना? मग जरा येऊन बघ तरी."

या गाडीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ साली कॉन्टेसा बाजारात आणली. तिचा मूळ साचा इंग्लंडमधल्या सत्तरीच्या दशकातल्या व्हॉक्सहॉलचा. सुरुवातीला या भारदस्त शरीरात अॅम्बॅसॅडरचेच इंजिन होते. पुढे जपानच्या इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आले, आणि गाडीला 'क्लासिक' हे नाव मिळाले. त्या काळी रस्त्यावर मुख्यतः अॅम्बॅसॅडर, पद्मिनी आणि मारुती. कॉन्टेसा दिसली की आत कुणी बडे धेंड असणार, आणि काचा बंद असल्या की ते गारव्यात बसले असणार, असे आम्ही धरून चालायचो. २००२ साली तिचे उत्पादन थांबले. सरकारी व्याख्येत मात्र ती अजून 'व्हिंटेज' नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे दादाची गाडी नवी नाही, आणि मानाने मिरवावी इतकी जुनीही नाही. माणसाच्या आयुष्यातही साठीच्या आसपास असा एक अवघड काळ येतो!

मोटारीतला गारवा ही कल्पना मात्र कॉन्टेसाहून बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस कारखान्यातूनच एअरकंडिशनर बसवून गाडी विकायला काढली. तिची यंत्रणा निम्मीअधिक डिकीत होती, आणि कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. गारवा नको असेल तर गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचे आणि पट्टा काढून ठेवायचा. आज आपण बटण दाबतो तेव्हा जो 'टक्' असा आवाज येतो, तो त्या क्लचचा. त्या आवाजाकडे पुढे पुन्हा यायचे आहे.

एअरकंडिशनर गारवा 'तयार' करतो अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तो हमाल आहे. गाडीच्या आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढेच त्याचे काम. माठातले पाणी का गार होते? पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना सोबत उष्णता घेऊन जाते म्हणून. एअरकंडिशनरमध्ये पाण्याच्या जागी असा पदार्थ असतो की जो उणे तीसच्या आसपासच उकळतो. तो पातळ रूपात एका बारीक छिद्रातून डॅशबोर्डामागच्या जाळीत सोडतात. छिद्र म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, आणि जाळी म्हणजे गॅरेजच्या भाषेत कूलिंग कॉइल. तिथे तो उकळतो, आतली उष्णता शोषतो आणि वायू होतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या वायूला दाबून पुढच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो. तिथे बाहेरचा वारा त्याची उष्णता काढून घेतो, तो पुन्हा पातळ होतो, ड्रायर नावाच्या डबीतून गाळून परत छिद्राशी येतो. फेरा पूर्ण. या फेऱ्यात काही जळत नाही आणि काही खर्च होत नाही.

म्हणूनच 'गॅस संपलाय' हे वाक्य मला फार खटकते. तो पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर गळला आहे, आणि गळला असेल तर कुठून, हे शोधल्याशिवाय पुन्हा भरणे म्हणजे तळ फुटलेल्या कळशीने पाणी आणणे. पण गॅस भरायला अर्धा तास लागतो आणि लगेच पैसे मिळतात. गळती शोधायला दिवस लागतो आणि गिऱ्हाईक कुरकुरते. दोष एकट्या मेस्त्रीचा नाही. 'थोडा गॅस मारून दे रे' असे म्हणणारे आपणच असतो.

आमच्या कोकणात या हमालाला एक जास्तीचे ओझे असते. नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला जातो, पण हवा कोरडी. राजापूरला चौतीस-पस्तीसच, पण हवा जणू ओल्या फडक्यासारखी. कॉइलवर ही दमट हवा आदळली की आधी तिच्यातल्या वाफेचे पाणी होते, आणि त्यातच बरीच शक्ती खर्च होते. एक लिटर वाफेचे पाणी होताना जेवढी उष्णता बाहेर पडते, तेवढीत साधे सात लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी त्या बिचाऱ्या यंत्राने उचलायची. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवली नद्यांचे पाणी राजापूरच्या बाजारपेठेत शिरते हे सर्वांना ठाऊक आहे, पण हवेतून जे पाणी गाडीत शिरते त्याचा विचार कुणी करत नाही. पुढे पाहाल, या प्रकरणातला खरा गुन्हेगार पाणीच निघाला.

मी मे महिन्यातल्या एका सकाळी पोहोचलो. दादाने तेव्हाच पाने काढून ठेवले होते. मी म्हटले, "पाने ठेव. आधी चहा, आणि मग मला नुसते सांग, गारवा कधी येतो, कधी जातो." दुखण्याइतकीच दुखण्याची हकिकत महत्त्वाची असते, हे डॉक्टरांइतके आम्हा यंत्रवाल्यांनाही लागू आहे. दादाने सांगितलेली हकिकत अशी: गाडी सुरू केली की गारवा चांगला. वीस-पंचवीस मिनिटे काही तक्रार नाही. ओणी मागे पडले, रायपाटण यायच्या आत हवा कोमट. पंख्याचा वारा तितकाच जोरात, पण गरम. पाचलला चहाला थांबले की पुढे पुन्हा वीस मिनिटे गार. घाटात पुन्हा गरम.

निम्मे निदान इथेच झाले होते. गॅस कमी असता तर गारवा आधीपासूनच मिळमिळीत असता, आणि चहाने बरा झाला नसता. विश्रांतीने बरे होणारे दुखणे वेगळे.

तरीही फुकटातल्या गोष्टी आधी पाहायच्या, हा माझा नियम आहे. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी या गोष्टी स्वतः कराव्यात, त्यांना हत्यार लागत नाही. गाडी सावलीत सुरू करून एसीचे बटण दाबा आणि कॉम्प्रेसरचा तो 'टक्' ऐका. आवाज आला नाही तर आधी फ्यूज आणि वायर बघा, गॅसच्या गोष्टी नंतर. इंजिन बंद करून पट्टा दाबून पाहा, सैल असेल तर तो घसरतो आणि किंचाळतो. कंडेन्सरसमोरचा पंखा फिरतो का ते पाहा. उभ्या गाडीत गरम आणि धावत्या गाडीत गार अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा हा पंखाच गुन्हेगार असतो. कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये मेलेले किडे आणि तांबडा चिखल बसलेला असतो, तो पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराची धार मारली तर पत्रे वाकतात. हीटर असलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक गंमत होते. हीटरकडे जाणारे गरम पाणी अडवणारा कॉक गळका झाला की एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम अशी कुस्ती डॅशबोर्डामागे चालू राहते, आणि बोल मात्र एसीला लागतो. दादाच्या गाडीत यातले काहीच नव्हते. कंडेन्सर मात्र भरपूर मळला होता. तो धुतला तेव्हा अंगणात जांभ्याचा ओहोळ वाहिला.

बॉनेट उघडे होते तेव्हाच मला दुसरी गोष्ट दिसली. कॉम्प्रेसरच्या तोंडासमोर, बॉनेटच्या आतल्या बाजूला, तेलकट डागांची एक कमान उमटली होती. गॅसबरोबर यंत्रात तेलही फिरत असते, त्यामुळे जिथून गॅस निसटतो तिथे तेलाचा ओला डाग राहतो. आमच्या कारखान्यात अमोनिया होता. तो थोडा जरी गळला तरी सारा मोहल्ला सांगायला यायचा. गाडीतल्या वायूला वास नाही. त्याची चुगली तेलच करते. क्लच फिरताना तेल गोल उडते, म्हणून ही कमान. म्हणजे कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे सील गळत होते. साबणाचा फेस लावून पाहिला, बारीक बुडबुडे आले.

हे सील का जाते? बहुतेक वेळा वापराने नव्हे, तर न वापरल्याने. ते तेलाने ओले राहिले तरच घट्ट बसते. पावसाळ्याचे चार महिने दादा एसी लावतच नव्हता. "पावसात कशाला एसी?" हा प्रश्न सगळ्या कोकणात विचारला जातो. खरे तर पावसातच तो लावायचा. काचेवरची आतली वाफ तो दोन मिनिटांत घालवतो, आणि सीलही ओले राहते. आठवड्यातून दहा मिनिटे पुरतात.

पण सील गळते याने गॅस का कमी होतो ते कळले. वीस मिनिटांनी गारवा का जातो ते कळले नाही. आता दोन संशयित उरले होते, आणि दोघेही बर्फाचेच. पहिला म्हणजे थर्मोस्टॅट. तो बिघडला की कॉम्प्रेसर थांबतच नाही, कॉइलवर बाहेरून बर्फ चढतो आणि जाळी बुजते. अशा वेळी पंखा घोंघावतो पण वारा येत नाही. दादाच्या गाडीत वारा पुरेपूर होता. तेव्हा बर्फ कॉइलच्या बाहेर नव्हता. मग तो आत, नळीच्या पोटात, त्या बारीक छिद्राशी असणार. यंत्रात पाण्याचा अंश शिरला असेल तर तो गॅसबरोबर फिरत राहतो, आणि सर्वांत थंड जागी, म्हणजे एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, गोठून बूच मारतो. गाडी थांबली की बूच वितळते आणि गंगा पुन्हा वाहू लागते. यासाठी थेंबभर पाणी पुष्कळ झाले.

संशयावर शिक्षा देता येत नाही, पुरावा लागतो. मी सोबत दाबाचे काटे नेले होते. आधी गाडी बंद असताना काटे पाहून दादा आनंदला, "बघ, नव्वदच्या वर पौंड आहेत, म्हणजे गॅस भरपूर!" तसे नसते. स्वयंपाकाच्या सिलिंडरची आठवण करा. शेवटच्या दिवसापर्यंत शेगडीची ज्योत तशीच मोठी असते. आत थोडासा जरी पातळ गॅस शिल्लक असला तरी दाब तेवढाच, तो फक्त तापमान सांगतो, साठा नाही. बंद गाडीच्या काट्याकडे बघून 'गॅस ठीक आहे' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. चालू गाडीत खालच्या बाजूचा दाब तिशीच्या आसपास दिसला, वरचा दोनशेच्या पुढे. हवामान पाहता हे ठीकच होते. आम्ही इंजिन चालू ठेवून अंगणातच बसून राहिलो. वहिनींनी कोकम सरबत आणले. मावशी खुर्ची टाकून पडवीत बसली होती. तिला हा सगळा प्रकार एखाद्या शस्त्रक्रियेसारखा वाटत असावा.

बाविसाव्या मिनिटाला खालचा काटा हलला. तीस, वीस, दहा, आणि मग शून्याच्याही खाली, पोकळीकडे. कॉम्प्रेसर ओढत होता पण समोरून काही येत नव्हते. वरचा काटाही उतरू लागला. वारा जोरात होता आणि कोमट. अगदी दादाने सांगितले होते तसे. आता शेवटची परीक्षा. डॅशबोर्डाखालचे झाकण मी आधीच काढून ठेवले होते. गरम पाण्यात पिळलेले फडके व्हॉल्व्हभोवती गुंडाळले. मिनिटभरात काटा उसळून पुन्हा तिशीवर आला आणि जाळीतून गार झुळूक आली. दादा काही बोलला नाही, त्याने नुसता हात जाळीसमोर धरून ठेवला.

व्हॉल्व्ह कचऱ्याने बुजला असता तर गरम फडक्याने सुटला नसता. ड्रायर तुंबला असता तर त्याची एक बाजू गरम आणि दुसरी थंड लागली असती. हात लावून पाहिले, तसे नव्हते. पाणीच होते. आणि ते आत आले कसे, याचेही उत्तर अवघड नव्हते. गॅस भरण्यापूर्वी यंत्रातली सारी हवा पंपाने ओढून निर्वात करायची असते. तीनदा गॅस भरताना हे झालेच नव्हते किंवा पाच मिनिटांत उरकले होते. नळीत राजापूरच्या भर पावसाळ्यातली हवा होती, ती तशीच आत राहिली. पाणी शोषून घेणारे दाणे ड्रायरमध्ये असतात खरे, पण ती डबी वर्षानुवर्षे बदललेली नव्हती. भिजलेला टॉवेल आणखी किती पुसणार? पाणी नुसते गोठते असेही नाही. गॅसशी संयोग होऊन ते आम्ल तयार करते आणि कॉइल आतून कुरतडते. आणखी दोन उन्हाळे असेच गेले असते, तर खरोखरच 'सगळा एसी बदला' म्हणायची पाळी आली असती.

इथे आणखी एक गुंता होता. आत नेमका कोणता गॅस आहे? १९९३ च्या गाडीत मुळात आर-१२ असणार. हाच तो फ्रीऑन. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हा निरुपद्रवी वाटणारा वायू वर चढून ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोन-विवराचे वृत्त आले, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला, आणि २००८ साली आपल्याकडे या वायूंचे उत्पादन बंद झाले. आम्हा बर्फवाल्यांच्या आयुष्यात जगाने एकमताने घेतलेला आणि पाळलेला निर्णय मला हा एकच आठवतो. त्यानंतर गाड्यांत आर-१३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक समर्थ आहे. म्हणून २०१६ च्या किगाली करारात त्याचाही वापर टप्प्याटप्प्याने घटवायचे ठरले, आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली.

दादाच्या गाडीत पाईपांची तोंडे जुनी, आट्यांची. नवा गॅस भरणारा कारागीर तिथे बदललेली तोंडे बसवतो आणि बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवतो. इथे चिठ्ठी नव्हती. म्हणजे जुन्या तेलावर नवा गॅस मारला असण्याची दाट शक्यता होती. जुने खनिज तेल नव्या गॅसमध्ये विरघळत नाही. ते कुठेतरी कोपऱ्यात बसून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा चालतो. काही महाभाग तर स्वस्त पडतो म्हणून ज्वलनशील गॅसही भरतात. तो गार करतो हे खरे. पण कॉइल गळली तर तो डॅशबोर्डामागे, म्हणजे आपल्या मुलाबाळांच्या मांडीशी जमतो. त्याविषयी मी हसून बोलू शकत नाही.

दादाने विचारले, "म्हणजे काय काय बदलायचं?" यादी त्याला वाटले होते त्याहून फारच लहान निघाली: कॉम्प्रेसरचे सील, ड्रायर, सांध्यांतल्या ओ-रिंगा, तोंडे आणि तेल. कॉम्प्रेसर चांगला होता, कंडेन्सर चांगला होता, कॉइल वाचली होती. सील मुंबईला कुर्ल्याच्या पार्ट बाजारात मिळाले. बाकीचे कोल्हापुरात. रत्नागिरीच्या एका ओळखीच्या कारागिराने गॅस ओढून घेण्याचे यंत्र आणले, कारण आहे तो गॅस हवेत सोडून देणे मला पटत नव्हते. नळ्या आतून धुतल्या, जुने तेल काढले, नव्या गॅसला चालणारे एस्टर तेल घातले, ड्रायर सर्वांत शेवटी बसवला. नवा ड्रायर झाकण काढून बाकावर ठेवला तर कोकणच्या हवेत तासाभरात त्याची निम्मी भूक तिथेच भागते.

मग निर्वात करण्याचे काम. इथे घाई करणारा माणूस पुढे पस्तावतो. हवेचा दाब पुरेसा उतरला की पाणी पंचवीस अंशांवरही उकळते आणि वाफ होऊन पंपातून निघून जाते. पण त्याला वेळ लागतो. कारागीर म्हणाला, "अर्धा तास बास." मी म्हटले, "ज्या यंत्रात पाणी सापडलंय, त्याला दोन तास." पंप बंद करून कॉक आवळले आणि काट्याकडे बघत बसलो. काटा भराभर वर आला तर गळती. हळूहळू येऊन एका जागी थांबला तर आत अजून पाणी उकळते आहे. आमचा काटा किंचित वर येऊन थांबला. पुन्हा तासभर पंप चालवला. दुसऱ्या वेळी काटा जागचा हलला नाही. मग गॅस वजनावर भरला, मूळ गॅसच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के. नवा गॅस तेवढाच लागतो. जास्त भरला तर वरचा दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. बॉनेटखाली चिठ्ठी चिकटवली: गॅस कोणता, तेल कोणते, वजन किती, तारीख काय. पुढच्या कारागिराला आमच्यासारखी शोधाशोध नको.

चार दिवसांनी मावशीची कोल्हापूरची तारीख होती. मी पुढे बसलो, मांडीवर स्वयंपाकघरातला नव्हे तर प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेऊन. ओणी गेले, रायपाटण गेले. पाचलला थांबायचे नाही असे मी बजावले होते. जाळीतली हवा नऊ-दहा अंशांवर टिकून होती. अणुस्कुऱ्याच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये ती तेरापर्यंत गेली. घाटात असे होणारच. इंजिन तापते, वारा कमी मिळतो. माथ्यावर आल्यावर पुन्हा खाली आली. दादा दर पाच मिनिटांनी, "अजून आहे ना?" विचारत होता.

मागून मावशीचा आवाज आला, "अरे, ते जरा कमी करा. माझी शाल डिकीत राहिली."

मलकापूरच्या पुढे एका हॉटेलाशी चहाला थांबलो. पाच मिनिटांत पोऱ्या धावत आला, "काका, गाडी गळतेय!" कॉन्टेसाच्या पोटाखालून स्वच्छ पाण्याचे थेंब पडत होते, मातीत छोटेसे तळे झाले होते. मी त्याला सांगितले की ते बाहेर पडतेय तेच बरे. ते ठिबकायचे थांबले तर नळी बुजली, आणि मग पाणी गाडीतल्या गालिच्यावर येणार. त्याला ते पटलेले दिसले नाही. त्याने खाली वाकून बोट लावले, वास घेतला, आणि बशी उचलून आत गेला.

दादाने आता दर रविवारी सकाळी, पाऊस असो वा नसो, अंगणात दहा मिनिटे एसी चालवायचा नेम धरला आहे. कुर्ल्याहून आणलेले दुसरे सील तेलाचा हात लावून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वहिनींच्या कपाटात मावशीच्या औषधांशेजारी ठेवलेले आहे.